नोकरीतला जावई

कादरचं स्थळ मला सांगून आलं, ते शेहेचाळीस साल. तो साखर कारखान्यात पोत्यांवर छाप मारायचा, पाट्या लिहायचा. पण नुकतीच नोकरी सोडून त्यानं श्रीरामपूरच्या बाजारात स्वतःचं पेंटरचं दुकान मांडलं होतं.

अब्बा हसले. "म्हंजे बेकारच की. पाट्या रंगवणाऱ्याला दिली, तर पोरीनं काय रंग खायचा?"

मला कादर पसंत होता, पण मला विचारतंय कोण? महिन्याभरात माझा निकाह कारखान्यातल्या गोऱ्या साहेबाच्या खासगी कारकुनाशी लागला. जेवणाच्या पंगतीत अब्बा ज्याला त्याला ऐकवत होते, "जावई नोकरीतलाच पायजे बाबा."

पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आलं. साहेब विलायतेला गेला आणि त्याच्यामागं कारकुनीही गेली. बाजारात मात्र 'जॉर्ज टी हाऊस'चं 'आझाद हॉटेल' झालं, बघताबघता सगळ्याच दुकानांना नव्या पाट्या हव्या झाल्या, आणि कादरला एकट्याचे हात पुरेनात.



"आमचे जावई नोकरीतच आहेत," असं अब्बा त्याच तोऱ्यात सांगत राहिले. कादरच्या दुकानात ब्रश धुतात, एवढं तेवढं सांगायचं राहून जाई.