सात रेणू पाणी

बीकर हाताला गरम लागला, तशा फार्मासिस्टबाई ढवळता ढवळता थांबल्या.

हा क्षार पाण्यात टाकला की बीकर गार पडतो. वीस वर्षं त्या हेच औषध करत आल्या होत्या. आज मात्र बीकर चहाच्या कपासारखा तापला होता. सकाळी पहिली बाटली केली तेव्हा ढवळायचं यंत्र चालू होतं, बीकरला हात लावायची वेळच आली नव्हती.

त्यांनी कालच आलेली बरणी फिरवून पाहिली. नेहमीचंच निळं झाकण, नेहमीचंच नाव. नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक शब्द जास्तीचा होता: निर्जल.

आत चकाकणारे खडे नव्हतेच, पिठासारखी भुकटी होती; सकाळच्या घाईत तेही लक्षात आलं नव्हतं. नेहमीचा क्षार म्हणजे हायड्रेट. त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे सात रेणू बिलगलेले असतात. हे स्फटिकजल दिसत नाही, हाताला ओल लागत नाही, पण खड्यांच्या वजनात निम्मं तेच असतं. ते धरूनच बाईंनी सकाळी वजन केलं होतं. या भुकटीत पाणी नव्हतंच. वजन तेवढंच, औषध दुप्पट.

आणि झटके थांबवायची ती बाटली दोन तासांपूर्वी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली होती.

जिना कसा चढला ते त्यांना कळलं नाही. अर्ध्या जिन्यात मनात आलं, हे फक्त आपल्यालाच माहीत आहे, गप्प बसलं तर कुणाला कळणारही नाही. त्या विचाराचीच त्यांना जास्त भीती वाटली.

कोपऱ्यातल्या खाटेवर पहाटे झटके आलेली बाळंतीण निपचित पडली होती. शेजारी स्टुलावर तिची सासू.

"या बाई," म्हातारी कुजबुजली. "तुमच्या औषधाला यश आलं हो. बघा, कुंभकर्णाला लाजवील अशी झोपलीय माझी सून."

बाईंनी आधी सलाइनच्या नळीचा चिमटा बंद केला. हे औषध जास्त झालं की आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास.

"सिस्टर, हिचा गुडघा बघा."

"तासाभरापूर्वी बघितला, ताई. जरा मंद होता, पण..."

"आत्ता बघा."

सिस्टरने रबरी हातोडी गुडघ्याखाली मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. पाय ओंडक्यासारखा तसाच. मग तिने घड्याळ समोर धरून श्वास मोजले. मिनिटाला आठ.

"बाटली दुप्पट कडक झालीय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "चूक माझी आहे. डॉक्टरांना बोलवा. उतारा म्हणून कॅल्शियम भरून घ्या."

डॉक्टर धावत आले. सुनेच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसला, सिरिंज हळूहळू रिकामी होऊ लागली. बाई पायथ्याचा लोखंडी दांडा धरून मोजत राहिल्या. दोन श्वासांमध्ये एवढं अंतर पडायचं, की तेवढ्यात त्यांचाच जीव गुदमरायचा. नऊ. पुन्हा नऊ. अकरा. बऱ्याच वेळाने चौदा.

सिस्टरने परत हातोडी मारली. या वेळी पाय किंचित उडाला.

"आली," डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. मग बाईंकडे न बघता म्हणाले, "ती बरणी सील करा. आणि सगळं लेखी द्या."

म्हातारी इतका वेळ भिंतीला चिकटून उभी होती.

"काय कमी-जास्त झालं हो?"

"काही नाही, आजी," सिस्टर घाईने म्हणाली. "आता बरी आहे ती."

"पाणी कमी पडलं," बाई म्हणाल्या. "औषधाच्या भुकटीत हवं तेवढं पाणी नव्हतं. त्यामुळे औषध जास्त गेलं. मी बरणी नीट वाचली नाही."

म्हातारीने नळीवरून नजर वर नेली. निम्मी उरलेली बाटली खिडकीच्या उजेडात नितळ दिसत होती.

"हे तर सगळं पाणीच आहे," ती म्हणाली.

म्हातारीने स्टूल उचललं, बाई आणि खाट यांच्या मधोमध ठेवलं आणि बाईंकडे पाठ करून बसली. एक हात तिने सुनेच्या छातीवर ठेवला. हात वर जात होता, खाली येत होता. ती त्याच्याकडेच बघत राहिली.