वाशीमला न्यायची पिशवी

शेजारच्या विमलबाईच्या नातवाचं झबलं सुप्रियानं पिशवीत सगळ्यात वर ठेवलं, आणि पंचफुलानं ते उचलून खाली दडपलं.

"काहून, आई? वरच राहू द्या ना. झालं की लगेच लागनार हाये."

"धूळ बसते," पंचफुला म्हणाली. चेन लावलेल्या पिशवीत धूळ कुठून शिरणार, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सासू-सून दुपारपासून ती पिशवी भरत होत्या. उद्या सकाळी वाशीमच्या दवाखान्यात सुप्रियाचं सिझर ठरलं होतं. आज संध्याकाळीच भरती व्हायचं होतं. बाळ आडवं आहे म्हणून सिझर, असं तिला सांगितलं होतं. ते खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं डॉक्टरीणबाईंनी महिन्यापूर्वी तिला वजनकाट्याकडे पाठवून तिचा नवरा धीरज आणि पंचफुला या दोघांनाच सांगितलं होतं. पोटात पाणी नाही, बाळाची फुप्फुसं बनलीच नाहीत. जन्मेल, पण घटकाभरच राहील. काही इलाज, असं धीरजनं विचारलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नुसती नाही म्हणून मान हलवली होती. मग अकोल्यालाही दाखवून झालं. तिथंही तेच. आभाळच फाटलं, ठिगळ कुठं लावणार?

तेव्हापासून मायलेकांनी तोंडाला कुलूप लावलं. पहिलटकरीण पोर, तिला आधीपासून कशाला मारायचं? महिनाभर तरी तिला आईपण भोगू दे, असं पंचफुलानं ठरवलं. धीरजला तर तेवढंही सोंग वठेना. तो काही ना काही कारण काढून भाजीच्या मळ्यात जाऊन बसायचा. आत्ताही तो अंगणात होता, आणि कालच धुतलेली गाडी पुन्हा धूत होता.

सुप्रिया मात्र महिनाभर अशी हसतखेळत वावरली, की पंचफुलाला कधी कधी तिचा रागच यायचा. "आई, मेथीचे लाडू करून ठेवा, दूध येईन." पंचफुलानं केले. कढईपुढे बसून रडली आणि धुरावर ढकललं. "आई, विमलबाईकडून झबलं मागून आना." बाळाला पहिलं झबलं नवं घालत नाहीत. धडधाकट लेकराच्या घरून मागून आणतात, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पंचफुला मागायला गेली तेव्हा विमलबाई म्हणाली, "माह्या नातवाचं आयुष्य लागो त्याले." बिचारी मनापासून बोलली. पंचफुलाला तिथंच ओट्यावर बसकण मारावीशी वाटली.

एवढंच काय, मागच्या बाजाराच्या दिवशी ही भरल्या दिवसांची बाई एकटीच ऑटोत बसून मंगरूळपीरला जाऊन आली. धीरज ओरडला, तर म्हणे खोबऱ्याचं तेल संपलं होतं. तेलाची बाटली कोनाड्यात अर्धी भरलेली होती. पण आनंदातल्या माणसाशी वाद कोण घालणार?

"आंग धुऊन घेऊ द्या मले," सुप्रिया उठत म्हणाली. "मंग निंगू."

न्हाणीत पाण्याचा आवाज सुरू झाला. पंचफुलानं कपाटामागून एक पुडी काढली. आत मांजरपाटाचा तुकडा होता, कोरा, पाणी न लागलेला. येणाऱ्याला जुनं कापड, जाणाऱ्याला कोरं. हा रिवाज काही तिनं केलेला नव्हता. परक्या गावात त्या घटकेला धीरज कुठल्या दुकानात धावणार, म्हणून परवा भाजी विकून परतताना तिनंच तो घेतला होता. आजी म्हणून तिनं बाळासाठी घेतलेली ही पहिली वस्तू.

तो तळाशी लपवायला तिनं पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. गाऊन, दुपटी, दवाखान्याची फाइल, लाडवांचा डबा. सगळ्यांच्या खाली हाताला एक घडी लागली. तिनं ती ओढून काढली. पांढरा मांजरपाट. काठ नाही, शिवण नाही, दुकानदारानं फाडलेल्या बाजूला नुसत्या दशा. कोपऱ्यात गिरणीचा तोच निळा शिक्का, फक्त फिकट झालेला.

पंचफुला दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसून राहिली. न्हाणीतलं पाणी कधी थांबलं, तिला कळलंच नाही.

सुप्रिया दारात उभी होती. तिनं सासूच्या मांडीकडे पाहिलं आणि भिंतीला धरून सावकाश खाली बसली.

"तुले... तुले कोनं सांगतलं वं?"

"कोनी नाई. सोनोग्राफीवाल्या मॅडम बोलता बोलता एकदम गप झाल्या, तवाच समजलं. मंग तुमी दोघं लपवून राह्यले. मले वाटलं, तुमाले तेवढाच आसरा हाये. तो कायले मोडू?"

महिनाभर पंचफुला जिला जपत होती, तीच तिला जपत होती. आता लपवायलाही काही उरलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून तिला रिवाज तेवढा आठवला.

"पन हे तं धुतलेलं हाये, बाई. ह्याले पानी लावत नसतात. कोरंच लागते."

सुप्रियानं सासूचा तुकडा उचलून गालाला लावून पाहिला. खळीनं तो खरखरीत होता. तिनं तो बाजूला ठेवला. मग आपला घेतला, नीट घडी घातली, खालून झबलं वर काढलं आणि त्याच्याशेजारी ठेवला.

"कोरं टोचते त्याले, आई," ती म्हणाली. "म्या दोनदा धुतलं."