भाषणात न आलेल्या गोळ्या

फडतरे हार्ट अटॅकने गेले, त्याला पंधरा दिवस झाले होते. वहिनींनी घरी बोलावून माझ्या हातात औषधांची पिशवी दिली. "यातलं एकही पाकीट त्यांनी फोडलं नाही, भाऊजी. कुणा गरजूला द्या."

रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे आम्ही दोघं. दोघांच्याही हृदयाच्या धमन्यांत ब्लॉक. मी आधी चेलेशन घेतलं. शिरेतून औषध सोडतात, त्याने म्हणे धमन्या साफ होतात. तीस सलाईन झाल्या आणि मला खरंच बरं वाटू लागलं.

मग त्या सेंटरच्या मेळाव्यात मला शाल-नारळ देऊन बोलायला उभं केलं. न थांबता टेकडी चढतो, असं सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. हार्टच्या डॉक्टरांच्या चार गोळ्या मी एक दिवसही चुकवल्या नव्हत्या. तेवढं मात्र बोललो नाही. बोललो असतो, तर टाळ्या कमी पडल्या असत्या. फडतरे पहिल्या रांगेत बसले होते. मीच त्यांना आणलं होतं.

"सातव्या सलाईननंतर त्यांनी गोळ्या सोडल्या," वहिनी म्हणाल्या. "मी भांडायचे. तर म्हणायचे, सबनीस काय खोटं बोलतात का?"

मी पिशवीत डोकावलो. चारही नावं ओळखीची होती. सकाळीच नाश्त्यानंतर त्याच गोळ्या गिळून आलो होतो.

"तुम्हाला तर लागतच नाहीत," वहिनी म्हणाल्या.

मी होकारार्थी मान हलवली आणि त्यांनी पुढे केलेला चहा घेतला.