सूनबाईंची साफसफाई

साफसफाईनंतर रेवतीने बटण दाबलं, पण सासऱ्यांचा कॉम्प्युटर सुरूच होईना. पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक त्यातच होतं, अजून कुणालाही न दाखवलेलं. नव्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, मी फक्त ब्रशने आतली धूळ काढली हो!"

"रडू नकोस. टॉर्च धर," म्हणत त्यांनी प्लग काढून खोका उघडला.

आत वाकून बघताना रेवतीला मेमरीची पट्टी तिरकी दिसली. "बाबा, ही निसटलीय."

"मग बसव की!"

तिने घाबरतच ती दाबली. टक्क आवाज आला. प्लग लावून बटण दाबताच पंखा घुमला, पडदा उजळला.

"अगं, सूनबाईंनी जिवंत केला बघ!" बाबा स्वयंपाकघरातल्या सासूबाईंना ओरडून म्हणाले. मग त्यांनी आपली खुर्ची रेवतीकडे सरकवली.

"बस इथे. पुस्तकाचं पहिलं पान तूच वाच."