जाळ्याचा वाटा

"वाटून घेतल्या," हरिश्चंद्र म्हणाला. "मग काय करायचं होतं?"

काखेत लॅपटॉप घेऊन डॉक्टर मनस्वी वाळूत उभी होती. त्या लॅपटॉपमध्ये तिचे अख्खे वर्ष होते. रक्तदाबावरच्या एका स्वस्त गोळीची ती चाचणी होती. चढ्या दाबाची वीस माणसे, सगळी हरिश्चंद्राच्या रापणीतली. समुद्रात सोडलेले लांबलचक जाळे दोन रांगांनी किनाऱ्यावर ओढणारी. दहा जणांना औषधाची गोळी, दहा जणांना हुबेहूब तशीच दिसणारी पिठाची. कोणाच्या डबीत काय, हे देणाऱ्या मनस्वीला ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यांनाही नव्हते. ते फक्त कॉम्प्युटरला ठाऊक होते. खऱ्या गोळीला गुण यायला आठवडा लागतो, मधेच सोडू नका, असे तिने पहिल्याच दिवशी सर्वांना बजावले होते.

आज सकाळी कॉम्प्युटरने निकाल सांगितला. औषधवाल्यांचा दाब सरासरी सात अंकांनी उतरला होता. पीठवाल्यांचाही सात. संध्याकाळी हा अहवाल मुंबईला गेला की गोळी कायमची बाद होणार होती, आणि तिच्याबरोबर मनस्वीचे वर्षही.

पाठवण्यापूर्वी तिने सवयीने नोंदी चाळल्या. डबीत एकवीस गोळ्या, रोज एक, घेतली की मोबाइलवर खूण. एकविसाव्या दिवशी वीसही जणांनी 'घेतली नाही' असे प्रामाणिकपणे नोंदवले होते. दुसऱ्या डबीलाही तेच. चारही डब्यांना तेच. माणसे गोळी विसरतात, हे शास्त्राला मान्य आहे. वीस माणसे ठरवल्यासारखी एकाच दिवशी विसरत नाहीत. तिने लॅपटॉप मिटला आणि रत्नागिरीहून थेट हरिश्चंद्राच्या वाडीचा रस्ता धरला.

"वाटून म्हणजे?" तिने विचारले.

"सही घेताना तुमीच सांगितलंत, निम्म्यांना औषध नि निम्म्यांना पीठ. खरं सांगितलंत, ते बरं केलंत. पण आमी एका जाळ्याला हात लावणारी माणसं. केरूला औषध नि बाबल्याला पीठ, असं झालं तर बाबल्यानं दोर ओढावा कशाला?"

"आणि मला पीठच आलं असतं," जाळे सांधत बसलेला बाबल्या मान वर न करता म्हणाला. "माझं नशीब मला ठाऊक नाय काय?"

पद्धत साधी होती. वीसही डब्या चादरीवर ओतायच्या, चांगल्या कालवायच्या आणि मासळीचे घालतात तसे सारखे ढीग घालायचे. मग केरूने सगळ्यांकडे पाठ करायची. हरिश्चंद्राने एकेका ढिगावर बोट ठेवून "हा कोणाचा?" असे विचारायचे आणि केरूने न बघता नाव घ्यायचे.

"केरू बघत नाय, म्हणजे कोणाला बोलायला जागा नाय," हरिश्चंद्र म्हणाला. "तुमच्या कॉम्प्युटरसारखंच."

मनस्वीने मनात भागाकार केला. वीस डब्या, चारशे वीस गोळ्या. प्रत्येकाला एकवीसच यायला हव्या होत्या.

"मग प्रत्येकाला एक गोळी कमी का पडली?"

"ढीग एकवीस घालतो ना."

"माणसं वीस आहेत."

"आणि जाळं?"

रापणीत प्रत्येक वाटपाला जाळ्याचाही एक वाटा निघतो आणि त्यातून जाळ्याची डागडुजी होते, हे तिच्या प्रश्नावलीत कुठेच नव्हते.

"जाळ्याला रक्तदाब नसतो!" ती ओरडली.

"नसंल. पण वाटा चुकवून कसं चालंल? बाय, आधी बसा. तोंड बघा कसं लाल झालंय."

त्याने चाचणीचेच यंत्र आणून पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. एकशे अठ्ठावन्न. केरू जाळी ठेवायच्या मांगरातून पिशवी घेऊन आला. आत ऐंशी गोळ्या होत्या, जाळ्याच्या.

"घ्या. जाळं फाटलं की हा वाटा काढायचा," हरिश्चंद्र म्हणाला. "आज तुमचं फाटलंय."

केरूने पाठ केली. हरिश्चंद्राने एक गोळी उचलली.

"ही कोणाची?"

"डॉक्टरीणबायची."

गोळी औषधाची असण्याची शक्यता निम्मी होती. इतके गणित तिला अजून येत होते. पण इतक्या रीतसर आलेला वाटा नाकारणे तिला जमले नाही. बाबल्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने गोळी गिळली आणि पाय पसरून वाळूत बसली. बाबल्या पुन्हा जाळ्याकडे वळला आणि त्याने दोन भोके सांधून टाकली.

"हा अहवाल पाठवता येणार नाही," शेवटी ती म्हणाली. "सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"मग करा की. फक्त माणसं निवडू नका, रापणी निवडा. एक अख्खी रापण औषधाची, शेजारची अख्खी पिठाची. अशा दहा-वीस घ्या. मग आमी कितीबी वाटलं, तरी ज्याचं त्याच्यातच रहातंय."

ही पद्धत तिच्या पाठ्यपुस्तकाच्या अकराव्या प्रकरणात होती. ते प्रकरण परीक्षेला नव्हते.

"आणि तुमच्या रापणीला पिठाची आली तर?" तिने विचारले. "तेव्हा तक्रार कराल."

हरिश्चंद्राने यंत्राची कळ दाबली. तिच्या दंडावरचा पट्टा फुगला आणि सुस्कारा टाकून सैल झाला. एकशे सव्वीस.

"येऊ दे की," तो म्हणाला. "खऱ्या गोळीला आठवडा लागतो, हे तुमीच सांगितलंत. तुमचं पाव तासात उतरलं, ते पिठानंच."