व्हाळापलीकडची पालखी

"पोलिसांची जीप साकवाकडे उभी आसा," यशवंत धावतच अंगणात आला. "आणि वयल्या वाड्यावरची सगळी माणसां देवळाकडे जमली आसत. आये, अजून इचार कर. दगड इले तर?"

"इले तर इले." सरस्वती रांगोळी काढत होती. तिने मान वर केली नाही. "ते दांडे कोणी आणले? आत नेऊन टाक. आज कोणाच्या हातात दांडो नको."

यशवंत साखळी शहरात खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. आईसाठी रजा टाकून तो गावी आला होता. दांडे त्यानेच आणले होते.  तो ते उचलून घरात ठेवून आला.

पेडणे तालुक्यातल्या त्या गावात जत्रेच्या दिवशी देवाची पालखी वरच्या वाड्यात दारोदार फिरे. फिरत फिरत गावच्या ओढ्यापर्यंत, व्हाळापर्यंत येई आणि त्यावरच्या छोट्या पुलापाशी, साकवापाशी मागे वळे. व्हाळाच्या अलीकडे खालचा वाडा होता. पालखीपुढे ढोल वाजवायचा मान मात्र खालच्या वाड्यातल्याच माणसांचा. ढोल साकवापाशी थांबे, देव मागे फिरे, आणि अलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या बायका पालखीच्या पाठीला ओवाळून घरी येत. सरस्वती लग्न होऊन आली तेव्हापासून अशीच ओवाळत आली होती.

गेल्या जत्रेनंतर ती देवळाच्या समितीचे अध्यक्ष जयराम यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"जयरामबाब, देव आमच्या वाड्यार कित्याक येना?"

"पूर्वीपासून तसाच आसा," जयराम म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ती तक्रार घेऊन पेडण्याला मामलेदारांकडे गेली.

त्यानंतर काजूच्या हंगामात खालच्या वाड्यातल्या एकाही बाईला कामाचं बोलावणं आलं नाही. बागा सगळ्या वरच्या वाड्याच्या. बायका धारगळपर्यंत चालत जाऊन हमरस्त्यावर उभ्या राहू लागल्या, मिळेल ते काम करू लागल्या. गावातला दुकानदार त्यांना मीठसुद्धा देईना. शेजारची शेवंती एकदा तोंडावरच म्हणाली, "देव इलो म्हणून आमका जेवूक घालतलो? तुझ्या हट्टापायी पोरां उपाशी निजतत."

 सरस्वतीची स्वतःची चूलही एकवेळच पेटत होती. पण तिने तक्रार मागे घेतली नाही.

शेवटी मामलेदारांनी दोन्ही वाड्यांना समोर बसवलं. पालखी खालच्या वाड्यावर गेलीच पाहिजे, नाहीतर जत्रेला परवानगी मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं. जयराम आता उसळणार, असं सगळ्यांना वाटलं. ते शांतपणे उठले.

"सरकाराचो हुकूम. पालखी जातली." कचेरीच्या पायऱ्या उतरताना ते सरस्वतीपाशी थांबले. "तुझ्याच दारात पयली."

वाड्याने त्या दिवशी तिला जवळजवळ उचलूनच घरी आणलं. तिला मात्र जयराम इतक्या सहज कसे नमले, हे कळत नव्हतं. यशवंतलाही कळत नव्हतं. म्हणूनच त्याने दांडे आणले होते.

ढोल जवळ आला. उतरत्या उन्हात वरच्या वाटेवर धूळ उठली. सगळ्यांत पुढे खालच्या वाड्यातला म्हातारा भिकाजी, गळ्यात ढोल. मागे वरच्या वाड्यातल्या तरण्यांच्या खांद्यावर पालखी. तिचे लाल मखमली पडदे धूळ आत जाऊ नये म्हणून खाली सोडलेले. बाजूने जयराम, भटजी, मामलेदार आणि पोलीस.

साकवापाशी येताच भिकाजीचे हात सवयीने थांबले.

 यशवंत पलीकडच्या माणसांच्या हातांकडे बघत होता. एक पोलीस पुढे सरकला.

"वाजय रे भिकाजी," जयराम म्हणाले. "थांबलंस कित्याक?"

भिकाजीने त्यांच्याकडे पाहिलं, मग साकवाकडे. आणि मग त्याने ढोलावर अशी थाप मारली की व्हाळातले बगळे उडाले. तो वाजवत साकवावर चढला. पालखी त्याच्यामागून चढली, आणि अलीकडे उतरली.

बायका रडायलाच लागल्या. शेवंतीने सरस्वतीचा दंड घट्ट धरला. "माका माफ कर गो," ती म्हणत राहिली. यशवंतच्या मुठी सैल झाल्या. त्याने डोळे पुसले आणि आईच्या हातात तबक दिलं.

तरण्यांनी पालखी अंगणात पाटांवर ठेवली आणि चटकन मागे सरले. भटजी लांब, माडाला टेकून उभे राहिले.

"पडद्याभायरसूनच ओवाळ," ते म्हणाले.

मामलेदार हसून म्हणाले, "काय बाई, आली ना पालखी? झालं समाधान?"

सरस्वतीने मान हलवली.  ती पालखीसमोर आली आणि थांबली.

"इतकी वर्सां पाठीक ओवाळलंय," ती म्हणाली. "आज तोंड बघूंदे."

तिने तबक शेवंतीकडे दिलं आणि पडद्याला हात घातला. यशवंत झटक्यात पुढे झाला. आता कोणीतरी ओरडणार, कोणीतरी तिच्या अंगावर धावणार. पोलिसांनीही काठ्या सावरल्या.

पण कोणी ओरडलं नाही. कोणी तिला अडवलं नाही. पालखीबरोबर आलेल्यांतला एक तरणा फक्त खाली बघू लागला. जयराम हात मागे बांधून उभे होते.

तिने पडदा बाजूला केला. आत मखमलीची गादी होती, लोड होता, अबोलीचा ताजा हार होता.

देव नव्हता.