काळ्यावर काळं

साहेबांनी सुट्टीच्या दिवशीही अकाउंटंटबाईंना घरून, रिमोटने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काम करायला लावलं. दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसात येऊन बघतात तर डार्क थीम बिघडलेली, काळ्या स्क्रीनवर अक्षरंही काळीच! वैतागून त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"ताई, समोर जे उघडं असेल त्यात काहीतरी टाइप करून एंटर मारा. उमटतंय का?"

बाईंनी मनातलंच टाइप केलं, "साहेब म्हणजे शुद्ध बैलोबा."

"छे हो, काहीच नाही."

"पुन्हा टाइप करून मारा बघू."

असं तीनदा झालं. मग त्याने फोनवरूनच थीम बदलायला सांगितली आणि स्क्रीन लख्ख पांढरी झाली. समोर कालच्या कामाची, साहेबांसोबतचीच चॅट उघडी होती.



तिन्ही बैलोबांच्या खाली साहेबांचं उत्तर होतं, "माझ्याकडे पहिल्याच वेळी नीट उमटलं."